इंटरनेटवर दिसलेल्या धंद्यावरून स्वतःचा धंदा: सणांच्या खोक्याच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही साताऱ्यात राहता, नोकरी सोडलीत आणि आता घरून काहीतरी सुरू करायचंय. गेलं वर्षभर रात्री सहा वर्षांची मुलगी झोपली की पिंटरेस्ट, इन्स्टाग्राम, यूट्यूब चाळता. त्यात परदेशातल्या एका बाईंचा व्यवसाय दिसला: दर महिन्याला एक खोका, त्यात त्या महिन्याच्या सणाची गोष्ट, चित्रं आणि हस्तकलेचं सामान. तसंच इथल्या आणि अमेरिकेतल्या मराठी मुलांसाठी करावं, खोक्यावर वारली चित्रं, आत कविता, सणाच्या पदार्थाची कृती, असं तुमच्या मनात आहे. तुमचे प्रश्न दोन. यात कॉपीराइट आडवा येईल का? आणि दुसऱ्याचं बघून सुचलेलं सोडून स्वतःची, मूळची कल्पना शोधायची असेल, तर ती इंटरनेटवर सापडते कुठे?

मी पुण्यात २२ वर्षं पुडे, लेबलं आणि खोकी डिझाइन करून छापून देते. मी वकील नाही. पण दुसऱ्याचं चित्र वापरल्याची नोटीस आली की माणूस वकिलाच्या आधी छापणाऱ्याकडे धावत येतो. त्यामुळे हा कायदा मला गरजेपोटी शिकावा लागला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. महिन्याला खोका पाठवायची कल्पना घ्या, मनात काही न ठेवता घ्या. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला संरक्षण देतच नाही. ती कल्पना ज्या शब्दांत, रेषांत, सुरांत उतरली, त्यांना देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे पक्कं केलं. आनंद यांनी ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिलं होतं, विषय प्रांतवाद. पुढे १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा आला, त्याचाही विषय प्रांतवाद, त्यातही वेगवेगळ्या प्रांतांतली कुटुंबं आणि त्यांच्या मुलामुलींचं प्रेम. तरी आनंद हरले. विषय, कथासूत्र, इतिहासातल्या घटना यांवर कुणाची मालकी नसते, असं न्यायालयाने सांगितलं. दोन्ही पाहिलेल्या माणसाला ‘ही त्याचीच नक्कल’ असं स्पष्ट वाटतं का, ही कसोटी. धंदा करण्याच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंटही मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) तसं सांगतं. वडापावच्या दोन गाड्या एकाच चौकात उभ्या राहतात आणि दोघांचीही चूल पेटते, ती याच न्यायाने.

मग त्या बाईंचं असं काय आहे ज्याला हात लावायचा नाही? त्यांनी लिहिलेली गोष्ट, काढून घेतलेली चित्रं, कागदांवरच्या सूचनांची वाक्यं, व्यवसायाचं नाव आणि खोक्याचं एकूण रूप. वाक्यांचं मराठी भाषांतर करून घातलं तरी ते त्यांचंच. भाषांतर करू देण्याचा हक्कही मूळ लेखकाकडे असतो. खोक्याच्या रूपाबद्दल आमच्या धंद्यात एक निकाल प्रत्येकाने वाचावा असं मला वाटतं. विलेपार्ल्याच्या पार्ले कंपनीचा १९७२ चा खटला. पार्लेच्या बिस्किटांच्या पुड्यावर अंगणात पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई, कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीच्या पुड्यावरही मुलगी, गाई, कोंबड्या. फक्त हिच्या डोक्यावर गवताचा भारा. खालच्या न्यायालयांनी फरक मोजले आणि पार्लेला हरवलं. सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. दोन पुडे शेजारी शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका, एक पूर्वी पाहिलेल्या माणसाच्या हातात दुसरा दिला तर तो फसेल का ते बघा, असं सांगितलं. मुलं आणि घाईतली माणसं दुकानात असंच बघतात. म्हणून त्या परदेशी खोक्याचा फोटो दाखवून ‘अस्सं करून द्या’ असं कुणालाही सांगू नका. मलाही नाही.

हे मी अनुभवाने सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लोणच्याच्या गृहउद्योगाचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी मोबाइलवर एक चित्र पाठवलं: चिनी मातीची बरणी आणि तिच्यावर झुकलेली कैरीची फांदी. कुठून आणलं विचारलं, तर ‘गूगलवरून’. मी ते उलटं केलं, पानांचा हिरवा बदलला, बरणीवर निळा पट्टा काढला आणि मनाशी म्हटलं, आता हे वेगळं झालं. पाच रंगांसाठी छपाईचे पाच सिलिंडर कोरले गेले, पाऊच छापून आले, दुकानांत लागले. चार महिन्यांनी एका चित्रकार बाईंच्या वकिलाची नोटीस आली. सोबत मूळ चित्राची प्रत होती आणि फांदीच्या टोकाच्या एका पानाभोवती लाल गोल काढलेला होता. ते पान किडीने कुरतडलेलं होतं. त्या बाईंनी अंगणातल्या झाडाकडे बघून त्या पानाला तीन चावे काढले होते. आमच्या पाऊचवर, उलट्या बाजूला, नव्या हिरव्या रंगात, तेच तीन चावे होते. मी ते पान शंभर वेळा मोठं करून पाहिलं असेन, पण ते कुणाच्या तरी डोळ्यांनी पाहिलेलं पान आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. सिलिंडर मोडीत गेले. उरलेल्या पाऊचवर आम्ही तिघीजणींनी रात्री दोनपर्यंत बसून पांढरी स्टिकरं चिकटवली. नुकसानभरपाई मी आणि गृहउद्योगाने निम्मी निम्मी भरली. त्या बाई समजूतदार होत्या म्हणून एवढ्यावर निभावलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तेव्हा ‘वीस टक्के बदललं की चालतं’, ‘खाली नाव दिलं की चालतं’, ‘कॉपीराइटची खूण नव्हती म्हणजे मोकळं’, ही तिन्ही वाक्यं डोक्यातून काढून टाका. कायद्यात अशी टक्केवारी कुठेही नाही. नाव देणं हे सौजन्य आहे, परवानगी नाही. आणि कॉपीराइट चित्र काढल्याक्षणी जन्माला येतो, खूण असो वा नसो, नोंदणी असो वा नसो.

आता तुमच्या खोक्यात काय काय घालायचं म्हणता ते एकेक बघू.

कविता. हिशोब सोपा आहे: कवीच्या मृत्यूच्या सालात ६० मिळवा, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क वारसांचे किंवा ज्यांना दिले त्यांचे. बालकवी १९१८ मध्ये गेले, भा. रा. तांबे १९४१ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये. या तिघांच्या कविता तुम्ही छापू शकता, विकू शकता, कुणाला विचारायचं कारण नाही. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागेल. विंदा करंदीकर २०१० मध्ये, म्हणजे २०७०. मंगेश पाडगावकर २०१५ मध्ये, म्हणजे २०७५. मुलांच्या कविता म्हटलं की नेमकी हीच नावं आठवतात, हे मला माहीत आहे. त्यांच्या कविता हव्या असतील तर प्रकाशकाला लिहा. एका कवितेसाठी, ठरावीक प्रतींसाठी परवानगी मागितली तर उत्तर येतं असा माझा अनुभव आहे.

बहिणाबाई चौधरींची गोष्ट थोडी निराळी, आणि त्यातून कायदा चांगला कळतो. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, म्हणून ती गाणी २०१३ पासून सगळ्यांची झाली. पण त्या पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे गेले १९६९ मध्ये. म्हणजे एकाच पुस्तकातली गाणी मोकळी आणि प्रस्तावना २०२९ अखेरपर्यंत बंद. गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांचा हिशोब आणखी वेगळा: चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण कंपनीचं, आवाजावर गायिकेचा हक्क. क्यूआर कोड छापून गाणं ऐकवायचा विचार असेल तर स्वतः म्हणा, पारंपरिक चालीत किंवा स्वतःच्या चालीत. सहा वर्षांच्या मुलीचा आवाज घरात आहेच की.

बडबडगीतं, ओव्या, कहाण्या यांना कुणी एक कर्ता नाही, त्या सगळ्यांच्या. पण डॉ. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंड ज्या निवडीने आणि ज्या टिपांसह सिद्ध केले, ती निवड आणि त्या टिपा त्यांच्या. जात्यावरच्या ओव्यांचा एक मोठा ठेवा इंटरनेटवर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. तिथे प्रत्येक ओवीशेजारी गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. ते बघितल्यावर ओवी ‘कुणाचीच नाही’ म्हणून उचलायला हात पुढे होत नाही. ओवी अभ्यासा, मग तुमच्या आजीला, शेजारच्या काकूंना विचारा. त्यांना येणारी ओवी, त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावासह छापा. ती इंटरनेटवर कुठेच नसेल.

चित्रं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची सरस्वती-लक्ष्मी मोकळी आहे. त्यांचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला होता, म्हणून मला त्या चित्रांचं वेगळं प्रेम आहे. पण जुनी वाटणारी प्रत्येक गोष्ट मोकळी नसते. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं समाजमाध्यमांवर इतकी फिरतात की ती सार्वजनिक वाटू लागतात, आणि लोक ती कपांवर, पिशव्यांवर छापून विकतात. दलालांचे हक्क २०३१ अखेर आणि मुळगावकरांचे २०३६ अखेरपर्यंत चालू आहेत.

विकिमीडिया कॉमन्सवर आणि काही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर खुल्या परवान्याची चित्रं मिळतात. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याची अक्षरं वाचायची सवय लावा. ‘बाय’ (BY) असेल तर नाव द्यायचं. ‘एसए’ असेल तर तुम्ही त्यावरून केलेली कलाकृतीही त्याच परवान्याने खुली ठेवायची. ‘एनडी’ म्हणजे बदल करायचा नाही. ‘एनसी’ दिसलं की धंद्यासाठी ते चित्र बाद. पिंटरेस्टवर मात्र परवाना नसतो, तिथे फक्त कुणीतरी डकवलेलं असतं.

अक्षरं, म्हणजे फॉन्ट, हाही विकत घ्यायचा माल आहे हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. डीटीपीवाल्याच्या संगणकात असलेला फॉन्ट त्याने विकत घेतलाय का ते विचारा. नसेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याने मिळतात, वस्तूवर छापायला चालतात, आणि लहान मुलांना बलूची गोलाई आवडते.

पदार्थाच्या कृती. पुरणाला डाळीइतकाच गूळ ही माहिती झाली, माहितीवर मालकी नसते. पण कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’त १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापाने जी वाक्यं घरोघरी पोचवली, ती वाक्यं उतरवायची नाहीत. स्वतः पुरण शिजवा, काय काय झालं ते तुमच्या शब्दांत लिहा. बालभारतीच्या पुस्तकांचंही तेच. पीडीएफ फुकट उतरवून घेता येते, याचा अर्थ त्यातला धडा छापून विकता येतो असा होत नाही.

वारली चित्रांपाशी मी थोडी थांबणार आहे, कारण इथे कायद्यापेक्षा मोठं काहीतरी आहे. तारपा या वाद्याभोवतीचा नाच, लग्नाचा चौक, त्रिकोणांची माणसं ही एका माणसाची निर्मिती नाही. पण जिव्या सोमा मशे यांनी काढलेलं एखादं चित्र त्यांचं आहे. ते २०१८ मध्ये गेले, म्हणजे २०७८ अखेरपर्यंत. डहाणूच्या एखाद्या तरुण चित्रकाराने काल काढलेलं चित्र त्याचं आहे. शिवाय वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. आता यातून पळवाट काढता येईल: डिझाइनरला सांगायचं, ‘वारलीसारखं काहीतरी कर’, त्रिकोण-वर्तुळं जोडायची, झालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे केवढे संतापलो होतो. प्रेरणा भारतीय चपलांची आहे हे त्यांना नंतर मान्य करावं लागलं. तोच संताप डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवरच्या माणसाला आपल्याबद्दल वाटू नये. साताऱ्याहून तिथे जायला एक दिवस लागेल. जा, चित्रकाराशी बोला, पैसे ठरवा, खोक्यावर त्याचं नाव आणि गाव छापा. माझ्या आग्रहावरून दोन गृहउद्योगांनी हे केलं. चित्रकाराने दोघींनाही असं काही दाखवलं जे त्यांनी आधी कुठेच पाहिलं नव्हतं, कारण त्यांनी आधी फक्त गूगलवर पाहिलं होतं.

करार करताना एक खड्डा सांभाळा. पैसे दिले की चित्र आपलं झालं असं समजू नका. काही चित्रांबाबत कायदा पैसे देणाऱ्याला मालक धरतो, पण त्यावर विसंबायचं कशाला? लेखी घ्या. आणि लेखी करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. तुमच्या डोक्यात अमेरिकेतली मराठी मुलं आहेत, म्हणजे ‘जगभर’ हा शब्द करारात हवाच. चित्रकारालाही तो शब्द समजावून सांगा आणि त्याचे पैसे वेगळे द्या.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त जवळचा आहे: कल्पना शोधायची कुठे?

वर्षभर तुम्ही तयार वस्तू बघत होता. तयार वस्तू बघून दुसरी तयार वस्तूच सुचते, आणि ती पहिलीसारखीच दिसते. कॉपीराइटची भीती तिथूनच येते. त्याऐवजी लोकांची गाऱ्हाणी वाचा. गाऱ्हाण्यावर कुणाचा कॉपीराइट चालत नाही, आणि त्यावर तुम्ही काढलेला तोडगा आपोआप तुमचा होतो.

म्हणजे नेमकं काय ते सांगते. बार्शीच्या एक वहिनी माझ्याकडे मखाण्याच्या पुड्यांचं डिझाइन करायला आल्या. मखाणाच का? तर एका व्हिडिओत ‘सर्वाधिक नफ्याचे दहा धंदे’ सांगितले होते. मी विचारलं, तुमच्या हातचं लोक काय मागून नेतात? म्हणाल्या, थालीपिठाची भाजणी. मग आम्ही दोघी दुपारभर चहाचा थर्मास घेऊन बसलो आणि खरेदीच्या संकेतस्थळांवर वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या भाजणीखालचे अभिप्राय वाचले. पाच ताऱ्यांचे सोडून दिले, ‘छान’पलीकडे त्यांत काही नसतं. एका ताऱ्याचे बहुतेक पोचवणाऱ्यावर रागावलेले असतात. दोन-तीन ताऱ्यांचे मात्र नीट वाचले, कारण त्या माणसाला वस्तू आवडायची असते आणि कुठेतरी अडलेलं असतं. वहिनींनी वहीत उतरवलेल्या ओळी मला अजून आठवतात. ‘चव चांगली पण थालीपीठ तव्यावर तुटतं.’ ‘पाणी किती ते लिहिलेलं नाही.’ आणि एक: ‘आई असती तर फोन करून विचारलं असतं.’

ती शेवटची ओळ वाचून वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, मी वाटीने मोजतच नाही, हाताला कळतं. हाताला कळतं ते पुड्यावर कसं छापायचं, यावर आमचे तीन आठवडे गेले. शेवटी २०० ग्रॅमच्या पाऊचवर बाहेरून एक रेघ छापली: पीठ परातीत ओता, रिकाम्या पाऊचमध्ये या रेघेपर्यंत कोमट पाणी भरा, तेवढंच घाला. वाटी नको, माप नको, वसतिगृहातल्या मुलालाही जमतं. रेघ कुठे यायची ते ठरवायला वहिनींनी सतरा थालीपिठं थापली. ती रेघ आम्ही कुणाची उचलली नाही. तशी कल्पना ‘धंद्याच्या कल्पना’ शोधून कधीच सापडली नसती.

तुमच्या बाबतीत हेच करा. मुलांच्या हस्तकलेच्या खोक्यांखालचे दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा, कुठल्याही देशातले. परदेशातल्या मराठी पालकांचे प्रश्न वाचा. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे आणि तिथल्या गावोगावच्या मराठी शाळांत रविवारी शिकवणाऱ्या आया-मावश्या आहेत. त्यांना ईमेल करून एकच विचारा, ‘मागच्या सणाला वर्गात काय अडलं?’ गूगल ट्रेंड्सवर प्रदेश महाराष्ट्र ठेवून सणांची नावं मराठीत टाका आणि लोकांचा शोध सणाच्या किती दिवस आधी सुरू होतो ते बघा. खोका छापायला मला तीन आठवडे लागतात, पोस्टाचे दिवस वेगळे, म्हणून ही तारीख नफ्यापेक्षा आधी कळायला हवी. सगळं वाचून झालं की मूळ पानं बंद करा आणि दोन दिवसांनी फक्त वहीवरून काम सुरू करा. समोर चित्र नसलं की हात आपोआप आपलं काढतो.

संगणकाला ‘मला धंद्याची कल्पना दे’ म्हणून विचारण्याबद्दल दोन वाक्यं. तो तुम्हाला जे देतो तेच शेजारणीलाही देतो. आणि यंत्राने काढलेली चित्रं मी तरी वस्तूवर छापत नाही. कुणाच्या कामावर ती यंत्रं शिकली यावरून खटले चालू आहेत, आपल्याकडेही एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आहे.

खोक्यांपलीकडचा विचार कधी केलात, तर पेटंटची संकेतस्थळंही वाचायची जागा आहे. पेटंट २० वर्षांचं असतं आणि ज्या देशात घेतलं त्या देशापुरतंच असतं. मुदत संपलेलं, किंवा भारतात घेतलेलंच नाही असं पेटंट तुम्ही इथे वापरू शकता. खाद्यपदार्थांचं तंत्र हवं असेल तर म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्नतंत्र संशोधन संस्था ते रीतसर शुल्क घेऊन परवान्याने देते, मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्रही काही तंत्रं देतं.

नावाबद्दल. त्या परदेशी खोक्याच्या नावाचं मराठी भाषांतर ठेवायचं तुमच्या मनात आहे, ते सोडा. नाव सुचलं की भारत सरकारच्या ट्रेडमार्क शोधात ते फुकट तपासता येतं, उच्चारसाम्याचा शोधही आहे. छापील कागद, कार्डं वर्ग १६ मध्ये येतात, खेळ आणि खेळणी वर्ग २८ मध्ये, दोन्हींत बघा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षं टिकते. हे नाव छापायच्या आधी करा. छापून झाल्यावर बदलायला आलेल्या माणसांचे चेहरे मी बघितले आहेत.

कॉपीराइटचं नाही पण सांगायला हवं: १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तुमच्या खोक्यात लाकडी भोवरा आला की तो नियम आला. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून पहिल्या खोक्यात कागद, रंग, कार्डं ठेवा, आणि वस्तू घालायचीच तर नोंद असलेल्या कारागिराची घाला.

आणि हे लिहिताना मला राहून राहून वाटतंय की तुमचा पहिला खोका दिवाळीचा नसावा. दिवाळीचे खोके सगळे करतात. तुमच्या साताऱ्याकडे बेंदूर असतो, बैलांचा सण. पुण्या-मुंबईच्या मुलांना पोळा पुस्तकातून माहीत असतो, बेंदूर तर तेवढाही नाही. नोंद असलेल्या कुंभाराकडून आणलेली मातीच्या बैलांची जोडी, त्यांना रंगवायचे रंग, शिंगांना बांधायचे गोंडे, तुमच्या आजोबांच्या बैलांची नावं काय होती ती गोष्ट तुमच्या शब्दांत, पुरणपोळीचं कार्ड. यातली एकही गोष्ट तुम्हाला पिंटरेस्टवर सापडणार नाही, आणि एकीसाठीही कुणाकडे परवानगी मागावी लागणार नाही, कुंभारदादांचं नाव छापायची सोडून. कच्च्या मातीची शिंगं पोस्टात मोडतात, ही एकच खरी अडचण. एक जोडी नीट गुंडाळून माझ्याकडे पाठवा. शिंगांच्या मापाने आतला पुठ्ठा कापून बघते, कमरेच्या उंचीवरून चार वेळा टाकून बघते, आणि मग कळवते.